बैलावरचा सतरा नंबर

पन्नाशी आली की आमच्या ओळखीतली माणसं एकतर गुडघ्यांचा एक्स-रे काढतात, नाहीतर प्लॉट बायकोच्या नावे करतात. माझ्याकडे प्लॉट नाही आणि गुडघे अजून बरे आहेत. म्हणून मी माझी क्रिकेटची कार्डं लेकीच्या नावे करायचं ठरवलं.

ज्यांचं बालपण या कार्डांशिवाय गेलं त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही शाळेत होतो तेव्हा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गुलाबी चिंगम मिळायचं आणि त्याच्या वेष्टनात एक कार्ड असायचं. कार्डावर क्रिकेटरचा फोटो आणि कोपऱ्यात गोलात नंबर. असे एकूण साठ नंबर. चिंगम पहिली पाच मिनिटं गोड लागायचं आणि मग खोडरबर चावल्यासारखं, पण चिंगमसाठी चिंगम घेत होतं कोण. छपाई अशी की ऑस्ट्रेलियाच्या अर्ध्या टीमला कावीळ झालेली दिसायची, आणि एका इंग्लिश बॉलरचे ओठ त्याच्या कॉलरवर उतरले होते. मी ती सगळी कार्डं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली आणि तो डबा चार भाड्याची घरं, एक लग्न आणि दरवर्षीची दिवाळीची साफसफाई यांतून जिवंत बाहेर काढला. त्यातली साफसफाई सगळ्यात अवघड होती.

साठातली एकोणसाठ कार्डं माझ्याकडे आहेत. नाही तो सतरा नंबर. सतरा नंबर म्हणजे न्यूझीलंडचा एक राखीव विकेटकीपर, भरघोस मिशांचा, हातात हे मोठे ग्लोव्ह्ज घालून लालभडक पडद्यासमोर उभा. कंपनीने त्याची कार्डं का कोण जाणे मोजकीच छापली होती. त्याला त्याच्या देशाने कधी मैदानात उतरवलं की नाही याची मला शंका आहे, पण त्याच्यासाठी आमच्या गल्लीत दोघांची डोकी फुटली. आणि तो माझ्याकडे होता. सहावीत असताना मला सापडला, दोन महिने माझ्या डब्यात राहिला आणि एक दिवस नाहीसा झाला. कोणी नेला ते मला त्याच दिवशी कळलं होतं. शेजारच्या मित्राने. तो आमच्या घरी पाणी प्यायला म्हणून आला होता आणि पाणी न पिताच गेला होता. एवढा पुरावा मला चाळीस वर्षं पुरला. आज तो नागपुरात धरमपेठेत दातांचा डॉक्टर आहे, त्याच्याकडे लांबलांबून लोक येतात, आणि माझी डावीकडची दाढ दोन वर्षं ठणकत असूनही मी त्याच्या दवाखान्याची पायरी चढलेलो नाही. चोरासमोर तोंड उघडून बसायचं मला पटत नाही.

माझी लेक पंधरा वर्षांची आहे. तीही कार्डं जमवते, म्हणून तर मला हे सुचलं. तिची कार्डं परदेशी फुटबॉलवाल्यांची, ती ऑनलाइन येतात. पाकीट फोडण्याआधी ती हात धुते, कोरडे करते आणि टेबलावर स्वच्छ कापड अंथरते. आमच्या घरात सत्यनारायणालाही इतकं सोवळं नसतं. कार्ड निघालं की लगेच पातळ प्लास्टिकच्या कव्हरात, ते कव्हर जाड प्लास्टिकच्या डबीत, आणि डबी कपाटात. मी एकदा कौतुकाने एक कार्ड हातात घेऊन अंगठ्याने पुसलं, तेव्हा ती अशी किंचाळली की तिची आई स्वयंपाकघरातून उलथनं घेऊन धावत आली. तरीही मला बरं वाटायचं. पोरगी जमवते आहे, काय का असेना, रक्तात उतरलं आहे असं मी शाळेत स्टाफरूममध्ये सांगायचो. मी भूगोल शिकवतो, रक्ताचा विषय माझा नाही.

एका रविवारी आंघोळ वगैरे करून मी तो डबा तिच्यापुढे ठेवला आणि दोन शब्द बोललो. दोनाचे बरेच झाले. तिने शांतपणे ऐकून घेतलं, टेबललॅम्प ओढला आणि एकेक कार्ड चिमट्याने उचलून पाहू लागली. माझी कार्डं चिमट्याने उचललेली मी प्रथमच पाहत होतो. अर्ध्या तासाने तिने दिवा बंद केला आणि डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात म्हणाली की बाबा, हे छान आहे. मग तिने दोष सांगितले. सगळे कोपरे गोल झालेत. पुष्कळ कार्डांना कसर लागली आहे. चिंगमची साखर मुरून मागची बाजू पिवळी पडली आहे. बावीस नंबरला कोणीतरी बॉलपेनने दाढी काढली आहे. कोणीतरी म्हणजे मीच.

“आणि साठातली एकोणसाठ म्हणजे हा सेटच नाही ना, बाबा,” ती म्हणाली. “पूर्ण असता तर मी घेतला असता.”

मी बाकी सगळं विसरलो आणि तेवढं शेवटचं वाक्य धरून बसलो. पूर्ण असता तर घेतला असता. म्हणजे माझ्यामागे ही कार्डं रद्दीवाल्याच्या तराजूत जाणार की लेकीच्या कपाटात राहणार, हे आता त्या मिशीवाल्या किवीवर होतं. मी आठवडाभर इंटरनेटवर शोधलं. सतरा नंबर कुठेच नव्हता. पोळा जवळ आला होता. आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक निघते, आणि रोगराई, महागाई, जे जे नकोसं झालं ते ते घेऊन जा म्हणून लोक तिच्यामागे ओरडतात. बायको म्हणाली की यंदा त्या ओरडण्यात बिस्किटाचा डबाही घाला.

मारबतीच्या दिवशीच तान्हा पोळा असतो. पोरंपोरी आपापले लाकडी बैल सजवून, चाकांवर ओढत चौकात आणतात, चांगल्या सजलेल्या बैलाला बक्षीस मिळतं आणि मग बैल घेऊन घरोघरी बोजारा मागायचा, म्हणजे खाऊ किंवा नाणी. आमच्या घरचा बैल सागवानी, चांगला हातभर लांब. आजोबांनी सुताराकडून माझ्या वडिलांसाठी करून घेतला, मग तो माझ्या ताईकडे आणि माझ्याकडे आला. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिचं लग्न भिवापूरला मिरचीच्या व्यापाऱ्यांकडे झालं, तिला मुलगा झाला आणि बैल तिकडे गेला. आता त्या मुलाची मुलगी, सहा वर्षांची, तो ओढते. आमच्याकडे जमीनजुमला नव्हता. वारसा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या फिरलं ते हे एवढंच जनावर.

तर पोळ्याच्या चार दिवस आधी ताईने घरच्या ग्रुपवर एक जुना फोटो टाकला. तान्हा पोळा, आमची गल्ली, दोन वेण्या घातलेली ताई हातात बैलाची दोरी घेऊन उभी. मी कुठे आहे, असं मी विचारलं. ताईने लिहिलं की तुला त्या साली कावीळ झाली होती, तू आत खाटेवर ताक-लाह्या खात होतास. मला ते आठवत होतं. कावीळ झाल्यावर गल्लीतली पोरं मला ऑस्ट्रेलिया म्हणायची. मी फोन ठेवणार तेवढ्यात लेकीने तो माझ्या हातातून घेतला आणि दोन बोटांनी फोटो ताणला.

“बाबा, बैलाच्या कपाळावर लाल काय आहे?”

तिने आणखी ताणलं. चष्मा डोळ्यांवर असताना घरभर चष्मा शोधणारा माणूस मी, पण मी त्याला ओळखलं. लाल पडदा, मिशा, हे मोठे ग्लोव्ह्ज. कोपऱ्यातल्या गोलात सतरा आहे हे लेकीने वाचलं, मला वाचायची गरज नव्हती.

ताईला फोन केला तर ती पोळ्याच्या करंज्या तळत होती. तिला माझ्या आवाजातली घाई कळली नाही. बैल इथंच आहे, म्हणाली, कुठे जाणार. मी कार्डाचं विचारलं तेव्हा तिकडे थोडा वेळ नुसता तेलाचा आवाज आला.

“असन गा रंगाखाली,” ती म्हणाली. “दर साली रंग मारतो नं आम्ही.”

पोळ्याच्या दिवशी सकाळीच मी आणि लेक भिवापूरच्या बसमध्ये बसलो. मांडीवर माझा डबा, तिच्या पिशवीत केस वाळवायचं मशीन, चिमटे आणि एक बाद झालेलं एटीएम कार्ड. ती स्वतःहून आली होती. मला एवढा आनंद झाला होता की उमरेडपर्यंत मी तिला न्यूझीलंडचं क्षेत्ररक्षण, म्हणजे फील्डिंग, समजावून सांगत होतो. उमरेड गेल्यावर ती खिडकीकडे बघत म्हणाली की तुम्हाला एक सांगायचं आहे, रागवू नका. त्या दिवशी तिला मला नाही म्हणवत नव्हतं. साठावं कार्ड मिळणं शक्य नाही अशी तिची खात्री होती, म्हणून ती तसं बोलली. तिला ते खेळाडू माहीत नाहीत, त्यांची एकही मॅच तिने पाहिलेली नाही, आणि खरं सांगायचं तर डब्याचा वास तिला सहन होत नाही.

मला फार वाईट वाटलं. रागही आला, आणि तो कोणावर काढावा हे कळेना म्हणून मी कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून भांडलो. माझ्या वडिलांनी काडेपेट्यांची चित्रं जमवली होती, ती मी कधी मागितली नाहीत, हेही मला तेव्हाच आठवायचं होतं. ती आता कुठे आहेत मला माहीत नाही. पण एकदा बसमध्ये बसल्यावर भिवापूरच्या आधी उतरून काय करणार. आणि काही झालं तरी किवी मला पाहिजेच होता. मी लेकीला म्हटलं की शब्द म्हणजे शब्द, सेट पूर्ण झाला तर तुला घ्यावाच लागेल. ती हो म्हणाली. तोंड कडू औषध घेतल्यासारखं होतं.

ताईच्या घरात शिरलं की पाहुण्याने आधी शिंकायचं, मग रामराम करायचा. मागे मिरचीचं गोदाम आहे, घरच्यांना काही होत नाही. आम्ही दोघांनी मिळून वीसेक शिंका दिल्या आणि मग बैलाच्या मालकिणीसमोर बसलो. ती अंगणात बैलावर टांग टाकून बसली होती. या वर्षीचा रंग गुलाबी ठरला होता, डबाही आणून ठेवला होता, आणि आजोबा नागपूरहून आपला बैल सोलायला आले आहेत ही बातमी तिला आधीच लागली होती. आजोबा म्हणजे मी. माझ्या पंधरा वर्षांच्या लेकीला ती आत्या म्हणत होती, त्यामुळे दोघांनाही एकदम म्हातारपण आलं.

वाटाघाटी अर्धा तास चालल्या. चॉकलेट नको, पैसे नकोत. खरवडल्यावर बैलाले दुखन, हा तिचा पहिला मुद्दा, आणि उद्या तान्ह्या पोळ्याले मी याले नागडा नेऊ का, हा दुसरा. दुसऱ्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर होतं. मी तिला वचन दिलं की उद्या सकाळपर्यंत तुझा बैल नव्याहून नवा करून देतो. भूगोलाच्या शिक्षकाने पावसाळी हवेबद्दल काही वचन देऊ नये हे मला तेव्हा सुचलं नाही.

लेकीने गरम हवा सोडली आणि एटीएम कार्डाच्या कडेने हलकेच खरवडायला सुरुवात केली. मी वर्गात खडकांचे थर शिकवतो, पण असे थर मी प्रत्यक्ष कधी पाहिले नव्हते. गेल्या वर्षीचा हिरवा निघाला, त्याच्याखाली सोनेरी, त्याच्याखाली निळा, आणि पुढे मी मोजायचं सोडलं. मग मधेच एक कार्ड लागलं, पण ते क्रिकेटचं नव्हतं. उघड्या छातीचा एक कुस्तीवाला होता. माझा भाचा, म्हणजे त्या चिमुरडीचा बाप, तोपर्यंत मागे उभा राहून हसत होता. तो एकदम खाली बसला. हे कार्ड शाळेत चोरीला गेलं असं समजून त्याने एका मुलाला मारलं होतं, आणि आता त्याला आठवलं की ते त्याने स्वतःच पिठाच्या खळीने बैलाला चिकटवलं होतं. त्याने त्या पहिलवानाचं वजन आणि छातीचं माप तोंडपाठ सांगितलं. आत्ता बायकोचा मोबाइल नंबर विचारला असता तर त्याला आला नसता. पहिलवान ओल्या फडक्याने अलगद सुटला आणि भाचा त्याला वाऱ्याला ठेवून त्याच्याजवळ बसून राहिला.

मग आणखी कितीतरी रंग, आणि मग लाल.

कार्डाची वरची बाजू गुळगुळीत, त्यामुळे रंगाचा पापुद्रा कडेला धरून ओढला की सबंध निघत होता. आधी ग्लोव्ह्ज दिसले, मग मिशा, मग डोळे. मी शिंक दाबून धरली होती. लेक हात थांबवून बघत राहिली. माझी डब्यातली एकोणसाठ कार्डं म्हाताऱ्यांच्या नखांसारखी पिवळी झालेली, आणि हा कालच छापल्यासारखा लालबुंद. चाळीस वर्षांच्या ऑइल पेंटखाली त्याला ना कसर लागली होती, ना ऊन. तिने चिमटा खाली ठेवला आणि बोटाने त्याच्या मिशीला हात लावला. उघड्या बोटाने.

पण तो निघेना. गरम हवा दिली, ओलं फडकं ठेवलं, दोरा घालून पाहिला. कडेचं एक टोक जरा उचललं तर कागदच फाटायला लागला. पिठाच्या खळीने लावलेला पहिलवान सुटला, मग हा का सुटत नाही, असं मी बडबडत होतो. ताई इतका वेळ दारात उभी होती. ती येऊन माझ्याशेजारी पायरीवर बसली.

“सरस लावला होता मी,” ती म्हणाली. “बाबांच्या पेटीतला, सुतारकामाचा. उकळून.”

मी ओलं फडकं खाली ठेवलं.

“तू खाटेवर पडून रडून राहिला होता, माह्या बैल घरीच राहीन म्हून. मी म्हटलं, मी नेतो तुह्या बैल. अन् तुह्या जो सगळ्यात लाडका फोटो, तो मी त्याच्या कपायावर लावला, का तूच आला पोळ्यात असं वाटलं पाह्यजे. पडू नये म्हून सरस लावला. तुले दाखवाले घरी आणला तं तू झोपला होता. अन् उठल्यावर तू त्या पोराशी भांडून मोकळा. मंग मले भेवच वाटला सांगाचा, म्हून त्याच राती वरून रंग मारला.”

चाळीस वर्षं, मी म्हटलं. ती म्हणाली की हो, आणि दर साली बैलाच्या कपाळाला तिने स्वतःच्या हाताने रंग मारला, दुसऱ्या कोणाला मारू दिला नाही. माझे डोळे भरून आले. तिथे मिरची होती म्हणून कोणाला संशय आला नाही.

अंगणातच बसून मी धरमपेठेच्या डॉक्टरला फोन लावला. त्याला आधी वाटलं की दाढेसाठी केला आहे. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

“सतरा मी नव्हता नेला,” तो म्हणाला. “अकरा नेला होता. तुह्याकडे दोन होते, तुले पत्ताच नाही लागला. ये उद्या-परवा, दाढ पाहून देतो.”

इकडे मालकिणीने बैलाकडे नीट पाहिलं. एका बाजूने हिरवा, एका बाजूने सोनेरी, नव्या रंगासाठी मी खरवडलेल्या पाठीवर उघडं सागवान आणि कपाळावर परका माणूस. गावातलं खरूज झालेलं कुत्रंही त्याहून बरं दिसलं असतं. तिने भोकाड पसरलं. मी घाईने गुलाबी रंगाचा डबा उघडला, मागच्या एका पायाला थोडा रंग लावून पाहिला. वर आभाळ भरलेलं, हवा ओली. दुपारचे तीन झाले, चार झाले, रंग बोटाला येतच होता. भाचा म्हणाला की मामा, हा परवापर्यंत वाळत नाही. म्हणजे वचन मोडणार होतं, तेही सहा वर्षांच्या बाईला दिलेलं. ताई माझ्याकडे अशी बघत होती जशी ती मी वडिलांचं घड्याळ उघडून ठेवलं तेव्हा बघत होती.

त्या पोरीने डोळे पुसले आणि माझ्या डब्याकडे बोट दाखवलं. डबा उघडाच होता.

“याची झूल करा,” ती म्हणाली. “सगळ्यायची.”

मी म्हटलं नाही. मी पुष्कळ काही म्हटलं. ही चाळीस वर्षं जपलेली कार्डं आहेत, ती चिकटवायची नसतात, चिकटवलं की त्यांना किंमत राहत नाही, वगैरे. ती ऐकत नव्हती. ती डब्याशी बसून एकेक कार्ड बाहेर काढत होती आणि बावीस नंबरचा दाढीवाला पाहून खुदकन हसली, आणि हा मागं पाह्यजे, शेपटीपाशी, म्हणाली. मी लेकीपुढे डबा ठेवला, बायकोपुढे ठेवला, स्टाफरूममध्ये नेला, पण आजपर्यंत कोणीही त्यातलं एक कार्ड मला पाहिजे असं म्हटलं नव्हतं. हिला सगळी पाहिजे होती, आणि आत्ता पाहिजे होती.

तेवढ्यात लेक माझ्याजवळ येऊन बसली. हळू आवाजात म्हणाली की बाबा, सतरा नंबर डब्यात येणार नाही. तो आला तर फाटून येईल. पण बाकीचे एकोणसाठ त्याच्याकडे गेले तर सेट पूर्ण होतो.

“आणि पूर्ण झाला तर तू घेणार,” मी म्हटलं.

“घेतला,” ती म्हणाली. तिने डबा उचलला आणि त्या पोरीच्या मांडीवर ठेवला. “आता माझा आहे. आणि मी तो हिला दिला.”

आजोबांचा बैल आमच्याकडे यायला दोन पिढ्या लागल्या होत्या. माझी कार्डं दोन पिढ्या खाली जायला अर्धं मिनिट लागलं. मला राग यायला हवा होता. पण त्या दोघी डोकी एकमेकींना टेकवून नंबर लावत बसल्या होत्या, आणि मी पन्नास वर्षांत इतका रिकामा आणि इतका बरा कधीच झालो नव्हतो. ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली की उपाशी आहेस, करंजी खा.

लेकीने सरस लावू दिला नाही. भाच्याने बाजारातला घट्ट गोंद आणला तोही परत पाठवला. तिने ताईकडून मैद्याची खळ शिजवून घेतली आणि गार होईपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. काहून, असं चिमुरडीने विचारलं, तेव्हा ती म्हणाली की पुढे कधी कोणाला काढायचे झाले तर निघाले पाहिजेत. कपाळावरचा सतरा सोडून एक ते साठ, ओळीने, खालून वर. इंग्लंड पोटाशी, वेस्ट इंडिज पाठीवर, भारत दोन्ही खांद्यांवर, ऑस्ट्रेलिया शिंगांच्या मागे. दाढीवाला मागणीप्रमाणे शेपटीपाशी. सगळी लावून झाली तेव्हा तिने बोटाने मोजली आणि मला हाक मारली की बाबा, साठ. सहावीपासून मी हा आकडा ऐकायची वाट पाहत होतो. पूर्ण सेट माझ्यासमोर होता, आणि जगातल्या कुठल्याही बाजारात त्याला आता फुटकी कवडी मिळाली नसती.

दुसऱ्या दिवशी चौकात तोरणाखाली बैलांची रांग लागली. आमच्या बैलाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, एक स्टीलचा डबा. परीक्षक म्हणाले की कल्पना चांगली आहे, पण हे सगळे कोण लोक आहेत? मालकीण म्हणाली की हे माह्या आजोबाचे दोस्त होय. मग बोजारा मागायला निघालो. पुढे ती दोरी ओढत, मागे तिची पंधरा वर्षांची आत्या चाक अडकलं की सोडवत, आणि सगळ्यात मागे मी, गळलेलं कार्ड उचलायला. एकही गळलं नाही. एका घरच्या म्हाताऱ्या बाईंनी बैलाला कुंकू लावताना किवीच्याच कपाळाला लावलं. त्याला देशाने दिला नसेल तेवढा मान भिवापूरने दिला.

परत येताना मालकीण माझं बोट धरून चालत होती. स्टीलच्या डब्यात मुरमुरे खुळखुळत होते. तिने एकदा मागे वळून बैलाकडे पाहिलं, खूश झाली आणि म्हणाली की आजोबा, पुढच्या साली याले निळा रंग मारायचा, पूर्ण.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. दारात उभ्या ताईनेही पाहिलं.

“ऑइल पेंटच मारजो,” मी म्हटलं. “दोन हात.”